चाकामागं एक वीत

पौष लागला होता आणि थंडी हाडात शिरत होती. नदीवरनं उठलेलं धुकं सरळ शहरात येऊन बसलं होतं, आणि दिवस उगवला तरी उठायचं नाव घेत नव्हतं. समोरच्या घराचं दार दिसायचं, पण दारातला माणूस दिसायचा नाही. त्याचं खोकणं तेवढं कानावर यायचं. झाडं आपली रात्रभर भिजल्यासारखी टपटप गळत होती.

"ते सगळं खरं वस्ताद, पण शेवटपर्यंत एकट्यानं पुढं राहायचं कसं?"

अंगणात बसलेल्या बाबालाल वस्तादांनी चहावर फुंकर घातली.

"कुणाच्या पुढं?"

"सगळ्यांच्या."

"मग मागं कोण पाहिजे?"

"मागं कुणी दिसायलाच नको. इतकं लांब जायचंय मला."

"मागं कुणी न्हाई..." वस्ताद बशीकडं बघत राहिले. "मग त्याला पुढं कसं म्हणायचं, लेका?"

सुकुमार चौगुल्याला राग आला. पण वस्तादांवर रागवायची सोय नव्हती. तो उगाच आपल्या सायकलीचा ब्रेक दाबून बघायला लागला.

वस्ताद म्हटलं की आपल्याला तालीम आठवते, लाल माती आठवते. बाबालाल मुलाणी मात्र सायकलीचे वस्ताद. तरुणपणी पार बेळगावपर्यंत शर्यती मारलेला माणूस. आता सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, मान आखडलेली. तरी शहरातलं कुणीही पोर सायकल घेऊन शर्यतीत उतरायचं म्हटलं की आधी त्यांच्या अंगणात येऊन पाया पडायचं. वस्ताद त्याच्या सायकलीचं पायडल एकदा फिरवायचे, कान लावायचे, आणि जास्त काही बोलायचे नाहीत.

सुकुमारचं घर त्यांच्या घराला लागून. दोघांच्या अंगणात छातीइतकी भिंत. लहानपणी सुकुमार त्या भिंतीवर बसूनच सायकल बघायला शिकला, आणि पुढं त्यांच्याच हाताखाली चालवायला. दूध संघात नोकरी लागली, लग्न झालं, तरी सायकल सुटली नाही.

आज सरकारबागेत मोसमातली पहिली शर्यत होती. सरकारबाग म्हणजे शहराच्या मधोमध असलेली जुनी मोठी बाग. आतून गोल डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना चिंचा आणि गुलमोहर. त्या रस्त्याला फेऱ्या मारायच्या आणि कारंज्यापाशी शेवट. बक्षीस काही मोठं नसतं. पण दिवाळीत खाऊन सुस्तावलेली पोरं कुणाची किती सुधारली, किती बिघडली, ते इथं कळतं.

सुकुमारबद्दल सगळ्यांचं एकच मत होतं. गडी पायानं दांडगा, पण मोठा घमेंडखोर.

त्याला कारणही तसंच होतं. शर्यत सुटली की हा सुटायचा. बाकीचे घोळक्यानं चालवायचे, एकानं वारं खायचं, बाकीच्यांनी त्याच्या आडोशाला राहायचं, मग दुसऱ्यानं पुढं यायचं. सायकलीची शर्यत अशीच चालते. पण सुकुमार त्या वाटणीत कधी यायचाच नाही. पहिल्यापासनं एकटा पुढं. वारं सगळं छातीवर. आणि शेवटी दम सरला की घोळका येऊन त्याला गाठायचा. गाठला की हा बाजूला व्हायचा, पोटरीत गोळा आला म्हणायचा, आणि शेवटून यायचा.

"राजांना आपली हवा सोसत नाही," असं पोरं म्हणायची.

म्हणू देत, असं सुकुमारला वाटायचं. कारण खरं काय ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

तीन मोसमांमागं हायवेवरच्या शर्यतीत तो घोळक्याच्या मधोमध होता. उसाच्या ट्रॉलीशेजारनं जाताना कुणाचं तरी चाक त्याच्या चाकाला लागलं. तो पडला आणि मागची सात-आठ पोरं त्याच्यावर पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले पहिल्यासारखं झालं. हाडाचं झालं. पण त्यानंतर शेजारी कुणाची सायकल आली की सुकुमारचे हात आपोआप ब्रेकवर जायचे. तोंडाला कोरड पडायची. कानात ते पत्रा घासल्यासारखं वाजायचं.

म्हणून तो पळायचा. त्याला लोक घमेंड म्हणत होते, आणि भित्रा म्हणण्यापेक्षा ते बरं होतं.

बायकोला त्यानं काल एवढंच सांगितलं होतं, की उद्या जमलं तर जमलं. नाही जमलं तर सायकल भाच्याला देऊन टाकायची. पुन्हा विषय काढायचा नाही.

"अहो, असं काय?" सुनंदा म्हणाली होती. "एक शर्यत ती."

त्यानं सायकलीची चेन पुसायला घेतली होती. एक शर्यत असती तर तो बोललाही असता.

वस्तादांनी चहा संपवला. कप बशीवर पालथा घातला.

"आज मानाच्या फेरीला माझ्या मागं राहा."

सुकुमारनं मान वर केली.

आता ही मानाची फेरी म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. सरकारबागेच्या शर्यतीत पहिली फेरी शर्यतीची धरत नाहीत. शहरातला सगळ्यांत वयस्क सायकलवाला आपल्या साध्या सायकलीवर पुढं निघतो, आणि सगळी शर्यत त्याच्या मागनं हळूहळू जाते. त्याच्या पुढं कुणी जायचं नाही. गेला तो बाद. फेरी पुरी झाली की म्हातारा हात वर करून बाजूला होतो, पाहुणे हिरवा झेंडा पाडतात, आणि मग खरी शर्यत सुटते. कुणी सुरू केलं, का केलं, कुणाला माहीत नाही. पण मोडायची कुणाची छाती नाही. आणि गेली काही वर्षं तो मान बाबालाल वस्तादांचा.

सुकुमार दरवर्षी या फेरीला अगदी कडेला, गवताला धरून चालवायचा.

"मागं म्हणजे... कडेनं येतो की मी."

"कडेनं न्हाई. माझ्या चाकामागं."

"किती मागं?"

वस्तादांनी हात पुढं केला. अंगठा आणि करंगळी ताणली.

"एक वीत."

वीतभर अंतर म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला माणसं आणि पाठीमागं सगळा घोळका. म्हणजे अगदी मधोमध.

"एवढं जवळ कशाला, वस्ताद? मानाच्या फेरीला कुठं वारं लागतं?"

"वाऱ्याचं न्हाई रे. माझी मान आता वळत न्हाई. वळवली तर मानंबरोबर सायकल बी वळती. मागं चाक वाजत असलं की मला बघायची गरज पडत न्हाई. वाजायचं बंद झालं की मी वळून बघणार. वळलो की पडणार." ते उठले, भिंतीला टेकवलेली आपली काळी सायकल त्यांनी सरळ केली. "या वयात पडलो तर मोहिते मास्तर मला शर्यतीतनं बाद करंल, आणि वरचा आत घेईल."

"दुसऱ्या कुणाला सांगा की..."

वस्तादांनी टोपी सारखी केली आणि निघाले.

बागेत धुकं अजून दाट होतं. चिंचेच्या बुंध्यापाशी पोरं हातावर हात चोळत उभी होती, कुणी उड्या मारत होतं, कुणी तोंडातनं वाफ सोडून दुसऱ्याला दाखवत होतं. कारंज्यापाशी मांडव, मांडवात कर्णा, आणि कर्ण्यामागं मोहिते मास्तर. शर्यतीचा सगळा कारभार त्यांचा. शेजारी प्रमुख पाहुणे म्हणून आलेले नगरसेवक मफलरीत तोंड घालून बसले होते.

"राजे, यंदा पण एकटेच का?" भरमू पुजारीनं विचारलं. भरमू सीमेकडल्या गावचा, तोंडानं चालू आणि पायानंही चालू. "का यंदा आमचा विटाळ चालंल?"

"बघू," सुकुमार म्हणाला.

"आवाज का बसलाय? थंडी झाली का?"

"हो."

मोहिते मास्तरांनी शिट्टी मारली. वस्ताद आपली काळी सायकल घेऊन पुढं झाले. टांग मारून बसायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. कुणी हसलं नाही.

सुकुमार त्यांच्या चाकामागं येऊन थांबला. पाठीमागनं चाळीसएक सायकली दाटल्या. डाव्या हाताला भरमू. उजव्या हाताला कोण, ते त्यानं बघितलंच नाही.

निघाले.

वस्ताद इतकं हळू चालवत होते की चालणारा माणूस बरोबरीनं गेला असता. आणि हळू चालवायचं म्हणजेच अवघड. जोरात जाताना सायकल आपली आपण उभी राहते. हळू जाताना ती डुलते, चाकं इकडं तिकडं होतात, हॅण्डलं एकमेकांत अडकायला बघतात. सगळा घोळका दाटून आला, मेंढरं पुलावर दाटतात तसा.

सुकुमारच्या कपाळावर थंडीत घाम आला.

हात ब्रेकवर होते. त्यानं ते काढले. परत गेले. परत काढले.

पुढं काळ्या सायकलीचं मागचं चाक, त्याच्यावरचा चेपलेला पत्रा, आणि त्यापुढं धुकं. बाकी जगात काही उरलं नव्हतं. उजवीकडच्याचं हॅण्डल त्याच्या कोपराला घासलं आणि त्याच्या कानात ते पत्रा घासल्यासारखं वाजायला लागलं.

एवढी एक फेरी, असं तो मनात म्हणत होता. एवढी एक. मग रस्ता मोकळा. मग सुटायचं.

वळण आलं. चिंचा गेल्या. गुलमोहर आले. धुक्यातनं कारंजं दिसायला लागलं, मांडव दिसला, आणि हिरवा झेंडा वर धरून उभे राहिलेले नगरसेवक दिसले.

सुकुमारनं श्वास घेतला.

वस्तादांनी हात वर केला नाही.

ते सरळ गेले.

"वस्ताद," कर्णा बोलला, "फेरी झाली. बाजूला व्हा. वस्ताद..."

काळी सायकल धुक्यात शिरली. तिच्यामागं सगळी शर्यत शिरली. करणार काय? पुढं गेला तो बाद.

"आयला," भरमू म्हणाला. "म्हातारं शर्यत जिंकायला निघालं."

मागं खसखस पिकली.

सुकुमार हसला नाही. त्याचा धीरच खचला. एक फेरी म्हणून त्यानं जो दम धरला होता, तो कारंज्यापाशी संपला होता. हात ब्रेकवर गेले आणि या खेपेला त्यानं ते काढले नाहीत. चाकाचं अंतर वाढलं. वीतभराचं हातभर झालं. हातभराचं दोन हात झालं.

पुढं वस्तादांची टोपी हलली.

मान डावीकडं वळायला लागली... हळूहळू, गंजलेल्या बिजागरीवर दार फिरतं तशी. आणि मानेबरोबर सायकल. पुढचं चाक कडेच्या दगडाकडं निघालं.

सुकुमारनं ब्रेक सोडला आणि पायडल मारलं. काय करतोय याचा विचार केला नाही. चाक वस्तादांच्या चाकामागं नेऊन भिडवलं, अगदी वीतभर. त्याच्या सायकलीची टिकटिक वस्तादांच्या कानावर गेली असावी. टोपी सरळ झाली. सायकल सरळ झाली.

त्यानंतर त्यानं आपल्या डाव्या-उजव्या बाजूला काय आहे त्याचा नाद सोडला. म्हातारा पडता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. वीत वाढली की पायडल, वीत घटली की थोडं सैल. वीत, वीत, वीत. पुढचं चाक बघायचं आणि आपलं वाजतं राहील असं बघायचं.

"राजे," भरमू बाजूनं म्हणाला, "जरा खांदा द्या."

"काय?"

"नाक गळतंय. एका हातानं शिंकरायचं तर सायकल डुलती. खांदा द्या."

आणि उत्तराची वाट न बघता त्यानं उजवा हात सुकुमारच्या खांद्यावर ठेवला. मोडून जुळलेल्या हाडाच्या वरच. ठेवला तो चांगला भार देऊन. डाव्या हातानं त्यानं नाक शिंकरलं, पुसलं, परत शिंकरलं. इतका वेळ दोन सायकली एकाच सायकलीसारख्या चालत होत्या.

"झालं," भरमू म्हणाला. "तुमच्या बाहीला नाही पुसलं, बरं का. मानाची फेरी आहे म्हणून."

सुकुमारच्या तोंडातनं हसू निघालं. त्याचं त्यालाच नवल वाटलं. आपण हसलो तेव्हा आपले हात कुठं होते, असं त्यानं बघितलं. हॅण्डलवर होते. ब्रेकपासनं लांब, मोकळे.

परत कारंजं आलं.

"वस्ताद, अहो, पाहुण्यांचा हात आखडला," कर्णा बोलला. मोहिते मास्तरांचा आवाज रडकुंडीला आला होता. "वस्ताद, दोन झाल्या. ऐकू येतंय का?"

वस्तादांनी ऐकलं की नाही, कोण सांगणार. ते सरळ गेले.

आता पोरांनी चिडायचं सोडून दिलं होतं. मागं कुणीतरी गाणं म्हणायला लागलं. कुणी कुणाला विचारत होतं, तुझ्या बहिणीचं जमलं का. कुणी म्हणत होतं, अशीच शर्यत दरवर्षी ठेवा, दम लागत नाही. चाळीस सायकलींची टिकटिक एकात एक मिसळून गेली होती, आणि एवढी अंगं एका जागी आल्यामुळं मधोमध चक्क ऊब धरली होती. सुकुमारच्या बोटांना परत जीव आला. इतके मोसम तो वारं छातीवर घेऊन गारठत होता, आणि इथं, ज्या जागेला तो घाबरत होता त्या जागेला, थंडी नव्हती.

तिसऱ्या खेपेला कारंज्यापाशी वस्तादांनी हात वर केला.

हात वर करून ते डावीकडं गवतावर गेले, तिथं एक पाय टेकून उभे राहिले. झेंडा पडला.

आणि सुकुमारच्या पुढं रस्ता मोकळा.

तो सगळ्यांच्या पुढंच होता. वस्ताद गेल्यावर पहिला तोच. धुकं थोडं विरळ झालं होतं, पुढचा रस्ता काळाभोर ओला दिसत होता, आणि त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. हीच जागा, हीच घटका. इथनंच तो दरवर्षी सुटायचा.

"जावा राजे," भरमू मागनं म्हणाला. "जावा. आम्ही येतो मागनं, जेवणाच्या वेळेपर्यंत."

सुकुमार गेला. सवयीनं पाय दाबले गेले. वळणापर्यंत गेला. मागची टिकटिक कमी झाली, गाणं ऐकू येईनासं झालं, आणि वारं छातीवर येऊन बसलं. गार, कोरडं, ओळखीचं.

तो पायडल मारायचा थांबला.

सायकल आपल्या वेगानं जात राहिली. त्यानं हॅण्डल धरून ठेवलं, मागं बघितलं नाही. वाट बघत राहिला. टिकटिक वाढत आली. डाव्या अंगानं एक गेला, उजव्या अंगानं एक गेला, मग दोन्हीकडनं पाण्यासारखे सगळे आले आणि त्याला मधी घेऊन पुढं निघाले. कुणाचा तरी कोपर लागला. कुणाचं तरी चाक त्याच्या चाकाजवळनं निसटत गेलं.

त्याचे हात हलले नाहीत.

त्यानं एक लांब श्वास सोडला. असा श्वास, की त्याच्या पुढच्यानं मागं वळून विचारलं, "काय झालं, पंक्चर?"

"नाही," सुकुमार म्हणाला. "चालू दे."

मग सगळी शर्यत तो घोळक्यातच राहिला. पाळी आली की पुढं जाऊन वारं खाल्लं, पाळी संपली की मागं येऊन आडोसा घेतला. हे तर त्याला लहानपणीच शिकवलं होतं. नवं काही नव्हतं. ऊन पडलं, धुकं चिंचांच्या शेंड्यांवरनं निघून गेलं, रस्ता वाळला. शेवटच्या फेरीला सगळे सीटवरनं उठून तुटून पडले, तेव्हा तोही उठला. कारंज्यापाशी तो पाचवा आला की सहावा, यावर पंचांचा थोडा वाद झाला. भरमू पहिला आला.

"पोटरीत गोळा नाही आला का?" भरमूनं विचारलं. दम लागून तो हॅण्डलवर पालथा पडला होता.

"नाही आला."

"मग एवढ्या मागं कसे?"

"तू जोरात मारलीस म्हणून."

भरमूनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. काहीतरी टोमणा त्याच्या जिभेवर आला असणार. तो त्यानं गिळला. पाण्याची बाटली पुढं केली.

"प्या," म्हणाला. "आणि पुढच्या रविवारी हायवेला या. सकाळी. सगळे असतो आम्ही."

मांडवात वस्तादांपुढं मोहिते मास्तर हात जोडून उभे होते. "वस्ताद, एक फेरी असते हो. एक. पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम होता." वस्ताद त्यांना काहीतरी पुटपुटले. मोजायला चुकलं, असं काहीतरी. मोहिते मास्तर कपाळाला हात लावून निघून गेले.

सुकुमार घरी आला तेव्हा दुपार व्हायला आली होती. सुनंदा दारात उभी होती. तिनं बक्षीस विचारलं नाही, नंबर विचारला नाही. त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि मग सायकलीकडं.

"भाच्याला कळवू का?" तिनं विचारलं.

"त्याला दुसरी बघू," सुकुमार म्हणाला. "त्याची उंची अजून वाढायचीय."

ती आत गेली. आत जाताना भिंतीला हात लावून क्षणभर थांबली, एवढंच.

त्यानं दोन घास खाल्ले आणि अंगणात आला. भिंतीपलीकडं वस्ताद उन्हात बाजेवर पडले होते. गुडघ्यांना तेल लावलेलं, लुंगी वर घेतलेली, टोपी डोळ्यांवर.

"वस्ताद, पाय कसे आहेत?"

"आहेत तिथंच."

सुकुमार भिंतीवर कोपर टेकून उभा राहिला. बोलायचं बरंच होतं. हायवेचं सांगायचं होतं, उसाच्या ट्रॉलीचं सांगायचं होतं. इतकी वर्षं एकटा पुढं का पळत होतो, ते या माणसाला सांगितलं नव्हतं याची लाज वाटत होती. आणि न सांगताच यांनी ते ओळखलं, तेही एवढ्या लोकांत कुणाला कळू न देता, याचं काय करावं ते समजत नव्हतं.

"वस्ताद..."

"हं."

"फेरी एकच असते."

"मास्तरानं सांगितलं मला."

"तुम्ही तीन मारल्या."

"मारल्या खऱ्या."

"माझ्यासाठीच ना?"

वस्तादांनी टोपी बाजूला केली. उन्हानं डोळे बारीक करून त्याच्याकडं बघितलं.

"तुझ्यासाठी? तुझ्यासाठी कशापायी मारीन?"

"मग?"

"पहिल्याच वळणाला धुक्यात शिरलो. समोर हात दिसंना. म्हटलं, बाबालाल, वय झालं तुझं, आता हितंच उतरावं. पण उतरायचं कसं? मागं एवढी चाकं वाजत्यात. थांबलो तर सगळीच्या सगळी माझ्या अंगावर..."

त्यांनी गुडघा चोळला.

सुकुमार भिंतीवरनं पुढं वाकला.

"तुम्हाला... भीती वाटली, वस्ताद?"

"वाटली की. कारंजं आलं की हात वर करायचा, तो बी करवंना. हॅण्डल सोडायचं भ्या."

"मग? तिसऱ्या फेरीला कसा केला?"

वस्तादांनी टोपी परत डोळ्यांवर ओढली. उन्हात पाय लांब केले.

"मागं तू होतास," ते म्हणाले. "वीतभर मागं, जागा सोडंनास. म्हटलं, ह्या गड्याला काय भ्या वाटंना... मग आपल्यालाच कशापायी वाटावं."